लाल सोनं निळं झालं: सात विहिरी आणि शिशाचा संशय

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयातलं, रसायनशास्त्र विभागातलं आहे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाची मी मार्गदर्शक होते. विद्यार्थिनीचं नाव बदलून इथे मेघना ठेवलं आहे. तिच्या गावाचं नाव मुद्दामच देत नाही. त्या गावाच्या पाण्याचा एकदा विनाकारण बोभाटा झाला, तो पुन्हा व्हायला नको.

कल्पना मेघनाचीच होती. पाण्यात शिसं आहे की नाही हे महागड्या यंत्राविना, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून ओळखायचं. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असले की ते पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. या कणांवर ग्लुटाथायोन या छोट्या सेंद्रिय रेणूचं आवरण चढवायचं. शिशाचे आयन आले की एकेक आयन दोन कणांची आवरणं एकदम धरतो, कण एकमेकांजवळ ओढले जातात आणि लाल रंग आधी जांभळा, मग निळा होतो. अशा चाचण्यांवर शोधनिबंध भरपूर आहेत, आणि खर्च एम.एस्सी.च्या प्रकल्पाला झेपेल इतका. मी हो म्हणाले.

असं कलिल, म्हणजे द्रवात तरंगत राहणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं मिश्रण, करायची पद्धत जुनी आहे, १९५१ साली टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपशिलात मांडलेली. क्लोरोऑरिक आम्लाचं फिकट पिवळं द्रावण उकळायचं आणि ढवळत असतानाच त्यात ट्रायसोडियम सायट्रेट एकदम ओतायचं. पिवळा रंग जातो. थोडा वेळ काहीच घडत नाहीसं वाटतं, मग द्रावण करडं, काळसर, जांभळं होत जातं आणि दहा-पंधरा मिनिटांत लालभडक होतं. काचेची भांडी आधी अम्लराजाने, म्हणजे सोनं विरघळवणाऱ्या आम्लमिश्रणाने, धुवावी लागतात, नाहीतर भिंतीला चिकटलेल्या जुन्या सोन्यावरच नवे कण वाढू लागतात. मेघनाचा हात स्वच्छ होता. तिसऱ्याच खेपेला तिला यूव्हीवर, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती अडतो हे मोजणाऱ्या यंत्रावर, ५१९ नॅनोमीटरला सुरेख, अरुंद शिखर मिळालं. कण साधारण १३ नॅनोमीटरचे होते.

पुढचं सगळं प्रकरण त्या शिखराच्या अर्थाभोवती फिरतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

विहिरीवरून भरलेली घागर घेऊन येताना एका ठराविक चालीला पाणी हिंदकळायला लागतं. त्याहून सावकाश चाललं तर नाही, भरभर चाललं तरी फारसं नाही. घागरीतल्या पाण्याला स्वतःची एक लय असते आणि आपली चाल तिच्याशी जुळली की पाणी काठावरून उडतं. सोन्याच्या कणातले मोकळे इलेक्ट्रॉन असेच असतात. प्रकाशाचं विद्युत क्षेत्र त्यांना एका बाजूला ढकलतं, मागे उरलेला धनभार त्यांना परत ओढतो. या मागेपुढे होण्याची लय प्रकाशाच्या लयीशी जुळली की अनुस्पंदन होतं. इलेक्ट्रॉनांच्या या सामूहिक हिंदकळण्याला प्लाझ्मॉन म्हणतात. गणितात सांगायचं तर धातूचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ज्या तरंगलांबीला भोवतालच्या माध्यमाच्या उणे दुप्पट होतो, तिथे हे घडतं. पाण्यातल्या सोन्यासाठी ही जागा ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशात येते. हिरवा गिळला जातो आणि उरलेला लाल आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. चांदीच्या बारीक कणांचं शिखर ४०० च्या आसपास येतं, म्हणून चांदीचं कलिल पिवळं दिसतं. गुस्टाव्ह मी यांनी १९०८ साली गोल कणावर पडणाऱ्या प्रकाशाचं गणित पूर्ण सोडवलं ते सोन्याच्या कलिलाचे रंग समजून घेण्यासाठीच.

गिळलेला प्रकाश आणि विखुरलेला प्रकाश या दोन निराळ्या गोष्टी आहेत. लहान कणाचं शोषण त्याच्या आकारमानाच्या प्रमाणात वाढतं, तर प्रकीर्णन, म्हणजे विखुरणं, आकारमानाच्या वर्गाच्या प्रमाणात. व्यास दुप्पट केला की शोषण ८ पट होतं आणि प्रकीर्णन ६४ पट. म्हणून १३ नॅनोमीटरचा कण जवळजवळ सगळा प्रकाश गिळतो आणि विखुरतो तो एक टक्क्याहूनही कमी. ८० नॅनोमीटरच्या कणाचं प्रकीर्णन मात्र शोषणाच्या तोडीला येतं. यूव्हीला या दोन्हींतला फरक कळत नाही. समोरच्या डिटेक्टरपर्यंत प्रकाश पोचला नाही एवढंच त्याला कळतं. आपण मात्र सवयीने दोन्हीला मिळून ॲब्सॉर्बन्स म्हणत राहतो.

दोन कण अगदी जवळ आले की एकातलं हिंदकळणं दुसऱ्याला जाणवतं. दोघांची मिळून लय संथ होते आणि शिखर तांबड्या बाजूला, ६०० ते ७०० नॅनोमीटरकडे सरकतं. मग तांबडा प्रकाश गिळला जातो आणि द्रावण निळं दिसतं. कणांमधलं अंतर त्यांच्या व्यासाच्या अडीचपट झालं की हा परिणाम जवळजवळ संपतो. म्हणजे रंग बदलला याचा अर्थ कण जवळ आले. ते कुणी जवळ आणले, हे रंगात लिहिलेलं नसतं. आम्ही चुकलो ते नेमकं या ठिकाणी.

समस्या

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मेघनाने तिच्या गावाहून सात बाटल्या आणल्या. पाच बोअरवेलच्या, दोन उघड्या विहिरींच्या. तिचे मामा ग्रामपंचायतीत सदस्य. त्यांनीच मोटारसायकलवर फिरवून नमुने गोळा करून दिले होते. तिने एक मिलिलिटर कलिलात एक मिलिलिटर पाणी घातलं. सातही नळ्या मिनिटभरात निळ्या झाल्या.

तिने तुलनेसाठी आमच्या प्रयोगशाळेतलं ऊर्ध्वपातित पाणी घेतलं, ते लालच राहिलं. गावात लग्नकार्याला मागवतात त्या जारचं आरओचं पाणी घेतलं, तेही लाल राहिलं. महाविद्यालयाच्या नळाचं पाणी वीस मिनिटांनी फिकट जांभळं झालं. "मॅडम, नळाच्या जुन्या पाइपात शिसं असणारच ना," असं ती म्हणाली, आणि मला ते पटलं. हे मी स्पष्ट लिहिते, कारण चूक तिथे माझी होती. तिने तुलना केली होती. तिच्या प्रत्येक निरीक्षणाला शिशाने उत्तर देता येत होतं. मी तिला एवढंच विचारायला हवं होतं: याच निरीक्षणांना दुसरं काही उत्तर देऊ शकतं का? आरओ शिसं काढतं हे खरं, पण ते कॅल्शियमही काढतं, मॅग्नेशियमही, मीठही. ऊर्ध्वपातित पाण्यात यातलं काहीच नसतं.

त्याच संध्याकाळी तिने मामांना नळ्यांचा फोटो पाठवला. फोटो गावच्या ग्रुपवर गेला. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने पिण्यासाठी जार लावला. शेजारच्या दोन घरांनीही लावला. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी आम्ही पोस्टरचं शीर्षक आधीच कळवलं होतं, त्यात गावाचं नाव आणि "शिसे" हा शब्द दोन्ही होते. स्थानिक वार्ताहराला बोलावणं गेलं होतं.

शंका आली ती भलत्याच कामातून. बी.एस्सी.च्या मुलांचं पाण्याच्या जडपणाचं प्रात्यक्षिक चालू होतं, एरिओक्रोम ब्लॅक टी हे रंगद्रव्य वापरून धातूंचे आयन धरून ठेवणाऱ्या ईडीटीएचं अनुमापन. मेघनाच्या उरलेल्या बाटल्या टेबलावर होत्या, म्हणून एका मुलाने त्यातलंच पाणी घेतलं. ब्युरेट जवळजवळ अर्धी संपली तरी त्याचा फ्लास्क वाइनसारखा लालच होता. "मॅडम, हे निळं होतच नाहीये," तो म्हणाला. मी त्याच्या फ्लास्ककडे पाहिलं, मग मागच्या स्टँडवरच्या मेघनाच्या निळ्या नळ्यांकडे. एकाच बाटलीतलं पाणी. इथे लालचं निळं होतं ते रंगद्रव्याच्या रेणूने कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडल्यावर. तिथे लालचं निळं झालं होतं ते सोन्याचे कण एकमेकांजवळ आल्यावर. दोन्हींचं कारण सर्वस्वी वेगळं. पण या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती प्रचंड आहे हे मात्र त्या ब्युरेटने डोळ्यांसमोर ठेवलं.

आकडा निघाला लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम. बेसॉल्टातल्या बोअरवेलला हे नवल नाही. मी तिथेच प्रात्यक्षिकाच्या वहीमागे गणित मांडलं. जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सांगतात, त्यामुळे ४०० मिलिग्रॅम म्हणजे ४ मिलिमोल. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे साधारण ०.०५ मायक्रोमोल. शिसं अगदी मर्यादेइतकं असतं तरी त्याच्या एका आयनामागे या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे मिळून ऐंशी हजार आयन होते.

आणि दोन भारांचा आयन काय करतो हे आम्ही दर वर्षी शिकवतो. सोन्याचे कण एकमेकांपासून दूर राहतात ते सगळ्यांवर ऋणभार असल्यामुळे. पाण्यात क्षार आले की त्या भाराभोवती उलट भारांचा पडदा जमतो आणि कणांना एकमेकांची दुरून जाणीव होणं थांबतं. एका भाराच्या आयनापेक्षा दोन भारांचा आयन या कामात कित्येक पटींनी प्रभावी असतो. शुल्झ-हार्डी नियम म्हणून तो पुस्तकात आहे. गोल्ड नंबरही आहे. १० मिलिलिटर लाल सुवर्णकलिलात १० टक्के मिठाचं १ मिलिलिटर द्रावण घातल्यावर ते निळसर होऊ नये म्हणून संरक्षक पदार्थ किती मिलिग्रॅम लागतो, तो आकडा. झिगमोंडीने मांडलेली ही व्याख्या मेघनाने बारावीत पाठ केली होती आणि मी ती शिकवत आले आहे. क्षाराने सोनं निळं होतं हे तिच्यात उघड लिहिलेलं आहे. त्याच्याही आधी, १८५७ साली, मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या लाल द्रवाबद्दल सांगताना मीठ घातल्यावर तो निळा होतो हे नोंदवलं होतं. माहिती होती सगळी, पण ती वेगळ्या तासाला शिकवायच्या कप्प्यात होती आणि प्रकल्प दुसऱ्या कप्प्यात.

समोर असलेले पर्याय

विज्ञान दिनाला अठरा दिवस उरले होते. मी, मेघना आणि विभागातले एक ज्येष्ठ सहकारी असे तिघं बसलो.

पहिला पर्याय होता पोस्टर तसंच लावायचं आणि खाली "प्राथमिक निष्कर्ष" असं लिहायचं. सहकारी याच बाजूने होते. त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. शिसं खरंच असेल आणि आपण गप्प बसलो तर मुलांच्या प्रकृतीशी खेळ होईल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण गावात "प्राथमिक" हा शब्द कुणी वाचत नाही. फोटो तर आधीच गेला होता.

दुसरा पर्याय, नमुने आयसीपी-एमएस हे अत्यल्प धातूही मोजणारं यंत्र असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे आणि अहवाल येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं. उत्तर निर्विवाद मिळालं असतं, पण अहवालाला तीन आठवडे, म्हणजे विज्ञान दिन उलटल्यावर. आणि खर्च कुठून, हा प्रश्न होताच.

तिसरा मेघनाने सुचवला. निळ्या झालेल्या नळीत ईडीटीए घालायचं. ते शिसं ओढून घेईल, रंग परत लाल झाला तर शिसं सिद्ध. सुचवताना तिचे डोळे चमकले होते, म्हणून नाही म्हणणं जड गेलं. ईडीटीए शिसं घट्ट धरतं हे खरं, पण कॅल्शियमही धरतं. शेजारच्या टेबलावर आम्ही त्याच कामासाठी ते वापरत होतो. रंग परत आला असता तरी शिशाबद्दल काही कळलं नसतं. शिवाय कण एकदा अगदी चिकटले की पुन्हा सुटतातच असं नाही.

चौथा पर्याय म्हणजे शिसं नसलेलं पण जड असलेलं पाणी मुद्दाम तयार करून पाहणं. एका दुपारचं काम, खर्च शून्य. शिसं आणि कॅल्शियम यांच्यातला वाद मिटवू शकणारा आमच्या हातातला हा एकच प्रयोग होता, कारण बाकी सगळ्या नमुन्यांत दोन्ही बरोबर असत किंवा दोन्ही बरोबर नसत.

मी दुसरा आणि चौथा एकत्र करायचं ठरवलं, आणि पोस्टरचं शीर्षक त्याच दिवशी मागे घेतलं. सहकारी नाराज झाले. मेघना काही बोलली नाही, पण दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलत नव्हती.

काय केलं

पाच नळ्या ओळीने लावल्या. पहिलीत कलिल आणि ऊर्ध्वपातित पाणी. दुसरीत ऊर्ध्वपातित पाण्यात लिटरला ४ मिलिमोल कॅल्शियम क्लोराइड. तिसरीत ऊर्ध्वपातित पाण्यात मर्यादेइतकं शिसं. चौथीत मर्यादेच्या शंभरपट शिसं. पाचवीत गावातलं पाणी.

दुसरी आणि पाचवी जवळजवळ एकदमच निळ्या झाल्या. चौथी अर्ध्या तासाने किंचित जांभळट झाली, तीही पांढरा कागद मागे धरल्यावर दिसावी इतकीच. तिसरी लाल. पहिली लाल. मेघना कितीतरी वेळ तिसऱ्या नळीकडे पाहत राहिली. "म्हणजे मॅडम, शिसं असतं तरी मला दिसलं नसतं," ती म्हणाली. दोन दिवसांनी तिने मला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं.

आम्ही विभागातला तांबडा लेझर पॉइंटरही वापरून पाहिला, खोली अंधारी करून. लाल कलिलातून किरण जाताना जेमतेम दिसेल अशी पुसट रेघ उमटली. निळ्या नळीतून मात्र तोच किरण ठळक, दाणेदार पट्ट्यासारखा दिसला. कणांचे पुंजके मोठे, म्हणून प्रकीर्णन कितीतरी वाढलेलं. शिवाय अनुस्पंदनाची जागाही तांबड्याकडे सरकलेली. सकाळपर्यंत त्या नळीचं पाणी रंगहीन झालं आणि तळाशी काळपट थर बसला. सोनंच होतं ते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. मेघना रंगाचा निवाडा एका गुणोत्तराने करत होती, ६५० नॅनोमीटरचं वाचन भागिले ५२० चं. लाल कलिलाला ते ०.१० येई, आणि ०.२० च्या वर गेलं की "शिसं आहे". अवकाळी पावसानंतर आणलेला एका उघड्या विहिरीचा नमुना आरओच्या पाण्याने दहापट पातळ करूनही ०.२१ देत होता, आणि तो डोळ्यांना मात्र स्वच्छ लाल दिसत होता. पाण्यात चिकणमातीचा गढूळपणा होता. मातीचे कण सगळ्याच तरंगलांबींना प्रकाश विखुरतात, निळ्याकडे थोडा जास्त. त्याने ५२० चं वाचन ०.४० वरून ०.४८ झालं आणि ६५० चं ०.०४ वरून ०.१०. सोनं जागचं हललंही नव्हतं आणि गुणोत्तर दुप्पट झालं. तेच पाणी कलिलाशिवाय घेऊन त्याचं वाचन वजा केल्यावर आकडा पुन्हा ०.१० वर आला. यंत्राच्या पडद्यावर ॲब्सॉर्बन्स लिहिलेलं असलं म्हणून ते शोषणच असतं असं नाही, हे मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. तिला ते कळलं त्या नमुन्यामुळे.

एक घोटाळाही झाला. बाहेर पाठवायच्या बाटल्यांत शिसं भिंतीला चिकटू नये म्हणून नायट्रिक आम्ल घालतात. त्यातली एक बाटली चुकून कलिलाच्या चाचणीला वापरली गेली आणि पाणी पडताक्षणी नळी निळी झाली. आम्लात कणांच्या आवरणाचा ऋणभारच जातो, मग कणांना दूर ठेवणारं काही उरत नाही. त्या दिवसापासून आम्लाच्या बाटल्यांना लाल फीत लावली.

नमुने पाठवायचा खर्च अखेर विभागातल्या शिक्षकांनी वाटून घेतला. नाराज असलेल्या सहकाऱ्यांनी सगळ्यांत आधी पैसे काढून दिले.

मेघनाच्या गावी मी स्वतः गेले. फोनवर हे सांगून भागलं नसतं. पाच नळ्या आणि कलिलाची बाटली बरोबर घेतली. मामांच्या ओसरीवर सरपंच, दोन सदस्य आणि बायका जमल्या होत्या. मी ऊर्ध्वपातित पाणी दाखवलं, त्यात कॅल्शियम क्लोराइड घातलं आणि लाल नळी सगळ्यांसमोर निळी केली. "यात शिसं नाही, हे मी घरून आणलेलं पाणी आहे," असं सांगितल्यावर एक आजी म्हणाल्या, "म्हंजी आमच्या पाण्यात चुनाच हाय की. भांड्याला बसतुया तोच." यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. शिसं नाहीच असं मात्र मी म्हणाले नाही. अहवाल येईपर्यंत आम्हाला माहीत नाही, असं सांगितलं. सरपंचांना ते आवडलं नाही. त्यांना हो किंवा नाही हवं होतं.

निष्पत्ती

अहवाल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आला. सातही नमुन्यांत शिसं मर्यादेच्या आत. जडपणा सगळीकडे २०० मिलिग्रॅमच्या स्वीकार्य पातळीच्या वर, पण दुसरा स्रोत नसेल तर चालवून घ्यायच्या ६०० च्या खाली. उसाच्या शेताला लागून असलेल्या दोन उघड्या विहिरींत नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. हे आमच्या कलिलाने वेगळं ओळखलं नव्हतं, ओळखणं शक्यही नव्हतं. त्या दोन विहिरींचं पाणी लहान बाळांना देऊ नका, हे ग्रामपंचायतीला लेखी कळवलं.

विज्ञान दिनाला मेघनाने पोस्टर लावलं, नव्या शीर्षकाचं: "सोन्याचा रंग कशाकशाने बदलतो?" त्यात गाव नव्हतं. पाच नळ्या टेबलावर होत्या आणि आलेल्या प्रत्येकाला ती आधी विचारायची, यातल्या कोणत्या नळीत शिसं आहे? जवळजवळ सगळे निळ्या नळीकडे बोट दाखवायचे. मग ती लेबल उलटून दाखवायची. वार्ताहर आले, त्यांनी फोटो घेतला, बातमी काही आली नाही.

प्रबंधाचा विषय बदलून "जड पाण्यात सुवर्णकलिलाचं स्थैर्य" असा केला. परीक्षकांनी तासभर प्रश्न विचारले आणि तिने न अडखळता उत्तरं दिली.

तिच्या आईने जार अहवालानंतरही महिनाभर चालू ठेवला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत आधी, कागदावरचं गणित. ते दहा मिनिटांचं आहे आणि ते प्रकल्प मान्य करतानाच करायला हवं होतं. १३ नॅनोमीटरच्या कणाचा मोलर एक्स्टिंक्शन गुणांक, म्हणजे लिटरमागे एक मोल कण प्रकाश किती अडवतील याचं माप, साधारण २.७ × १०⁸ असतो. आमच्या कलिलाचं वाचन ०.८० होतं, म्हणजे कण लिटरमागे सुमारे ३ नॅनोमोल. मर्यादेइतकं शिसं असलेल्या पाण्यात त्याचे आयन ४८ नॅनोमोल. कलिल आणि पाणी सारख्याच मापाने घेतलं तर एका कणाच्या वाट्याला सोळा आयन. त्या कणात सोन्याचे सत्तर हजारांच्या आसपास अणू असतात आणि पृष्ठभाग ५३० चौरस नॅनोमीटरचा. एवढ्या पृष्ठभागावर सोळा आयनांनी, तेही सगळे चिकटले असं धरून, शेजारच्या कणाला खेचून आणावं ही अपेक्षा मुळातच फार होती. ही चाचणी मर्यादेपाशी शिसं दाखवू शकणार नाही, हे सोन्याचा एक थेंबही न वापरता कळलं असतं.

कॅल्शियमची नळी पहिल्या दिवशी हवी होती. आता आमच्या विभागात रंगबदलाचा कोणताही प्रकल्प असला तरी गावातलं पाणी आणण्याआधी विद्यार्थ्याने त्या भागाच्या जडपणाइतकं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घालून बनवलेल्या पाण्यावर चाचणी करायची असते. ते पाणी निळं झालं तर बाटल्या आणायच्याच नाहीत.

शिखर सरकण्याचं आणखी एक कारण आम्ही तपासलंच नाही, ते म्हणजे कणांचा आकार. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोण बनवले होते, २००४ साली ते प्रसिद्ध झालं. अशा त्रिकोणांचं शोषण अवरक्त प्रकाशापर्यंत जातं, कण एकमेकांजवळ न येताही. आमच्या बाबतीत कलिल आधी लालच होतं आणि मिनिटात बदललं, त्यामुळे आकाराचा प्रश्न आला नाही. पण वनस्पतींचा अर्क वापरणाऱ्या मुलांच्या प्रकल्पांत तो पहिल्यांदा विचारायला हवा.

चाचणीची रचनाही बदलता आली असती. घरगुती गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ बहुधा सोन्याच्या कणांचीच असते, आणि ती पट्टी भरवशाने चालते. तिथे सोन्याने रंग बदलावा अशी अपेक्षाच नसते. लाल कण पट्टीवर कुठे अडकून राहिले, एवढंच पाहायचं असतं, आणि अडकवण्याचं काम एकाच रेणूला ओळखणारी प्रतिपिंडं करतात. मेघनाच्या धाकट्या वर्गातली एक मुलगी आता या दिशेने विचार करते आहे. मी तिला आधी गणित करून आणायला सांगितलं आहे.

फोटोचं काय करायचं होतं, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मेघनाने तो लपवायला हवा होता असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या आईच्या पाण्यात विष आहे असं वाटल्यावर कोण गप्प बसेल? पण त्या दिवशी प्रयोगशाळेत तिच्या शेजारी मी उभी होते, नळाच्या पाइपाचं तिचं म्हणणं ऐकत होते. कॅल्शियम क्लोराइडची बाटली मागच्याच कपाटात होती.